तिठ्यावरचे बाकडे : हरमलच्या खाण्यापिण्याच्या जागांचा इतिहास

गावाचा इतिहास लिहावयास बसले की प्रथम देवालयाची कागदपत्रे, मग किल्ल्याचा बुरूज आणि त्यानंतर शाळेचे दप्तर चाळले जाते. तिठ्यावरच्या चहाच्या दुकानाचे दप्तर कोणी चाळत नाही, कारण ते बहुधा नसतेच. उधारीची वही पावसात भिजते, दरफलक दर वर्षी पुसून नव्याने लिहिला जातो आणि दुकान बंद पडले की त्याचे बाकडे सरपणात जाते. तरीही गावातील माणसे एकमेकांना रोज भेटत आली ती याच जागी. बाहेरचे पदार्थ, बाहेरचे शब्द आणि बाहेरच्या बातम्या गावात शिरल्या त्याही याच वाटेने. पेडणे तालुक्यातील हरमल हे गाव या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. एका लहानशा किनारी गावाच्या ताटात तीन खंडांचा इतिहास कसा उतरतो, हे येथे स्पष्ट दिसते.

हरमल गोव्याच्या उत्तर टोकाला वसले आहे. उत्तरेस केरी आणि त्यापलीकडे तेरेखोलची खाडी, दक्षिणेस मांद्रे, पश्चिमेस अरबी समुद्र. किनाऱ्याच्या उत्तरेकडील डोंगराच्या कुशीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचे एक तळे आहे. खारे आणि गोडे पाणी शेजारी शेजारी नांदावे, तशी या गावाची नावेही दोन आहेत. पोर्तुगीज दप्तरात गावाचे नाव ‘आरांबोल’ असे लिहिले गेले आणि पुढे नकाशांवर व पर्यटकांच्या तोंडी तेच रूढ झाले. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘हरमल’ हेच नाव राहिले. ही दोन नावे म्हणजे एकाच गावातील दोन बैठका होत, हे पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

नदीच्या अलीकडे आणि पलीकडे

हरमलच्या खाद्यजीवनाचा उलगडा शापोरा नदीच्या दोन काठांकडे पाहिल्याशिवाय होत नाही. पोर्तुगीजांनी तिसवाडी १५१० मध्ये जिंकली; बार्देश व सासष्टी हे महाल त्यांच्याकडे १५४३ मध्ये गेले. नदीच्या उत्तरेचा पेडणे महाल मात्र सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होता. तो पोर्तुगीजांकडे आला १७८८ मध्ये. म्हणजे नदीच्या दोन काठांत सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर पडले. पेडणे, डिचोली, सत्तरी इत्यादी प्रदेश ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले जातात ते यामुळेच.

या अंतराचा संबंध केवळ राजसत्तेशी नव्हता. तो चुलीशीही होता. जुन्या काबिजादीत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचा अंमल होता. धर्मांतरितांच्या घरात पूर्वीचे आचार टिकून राहू नयेत म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरावरही या न्यायासनाची नजर असे. हिंदूंच्या रीतीप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, असा निर्बंध १७३६ च्या फर्मानात आढळतो. भातातील मीठसुद्धा जेथे धर्माची खूण ठरत होते, तेथे पाव खाणे किंवा न खाणे ही साधी गोष्ट राहिली नाही. पाव हे एका समाजाचे अन्न बनले आणि दुसऱ्या समाजाला तो वर्ज्य वाटू लागला.

पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तेव्हा काळ पालटला होता. नव्या काबिजादीतील प्रजेच्या धर्माला व चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. त्यामुळे पेडण्याच्या गावांत हिंदू आचार बव्हंशी टिकला आणि किनाऱ्यालगत ख्रिस्ती वस्तीही नांदत राहिली. येथे पावाची सक्ती कोणी केली नाही. तो आला तो शेजारधर्माने, बाजाराने आणि भुकेने. सक्तीने आलेली वस्तू आणि सवयीने आलेली वस्तू यांत जो फरक असतो, तो हरमलच्या भाजी-पावात आहे.

पोदेराची टोपली

गोव्यात पाव भाजणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘पादेइरू’ या शब्दावरून आला. खुद्द ‘पाव’ हा मराठी शब्दही पोर्तुगीजच होय. सासष्टीतील माजोर्डे गाव हे गोव्याच्या पाववाल्यांचे आद्य स्थान मानले जाते. युरोपात पीठ फुगविण्यासाठी लागणारे आंबवण येथे सहजी मिळेना. तेव्हा माडाच्या सुरीने ते काम केले. गहू परका, भट्टी परकी. परंतु पीठ फुगविणारा जीव मात्र कोकणच्या माडातला, असा हा संकर होता. त्यातून चौकोनी पाव, कडक कवचाचा उंडो, कोंडा लावलेली पोळी आणि बांगडीच्या आकाराचे कांकण असे प्रकार सिद्ध झाले. पूर्वी पोदेर डोक्यावर टोपली व हाती घुंगरांची काठी घेऊन दारोदार येई. पुढे सायकल आली आणि घुंगरांची जागा भोंग्याने घेतली. पहाटेच्या वेळी गोव्यातील गाव जागे होते ते या भोंग्याने.

गोव्याचा पोदेर पोटापाण्यासाठी मुंबईला गेला आणि त्याच्याबरोबर पावही गेला. मुंबईकरांनी गोवेकरांना थट्टेने ‘माकापाव’ हे नाव दिले. त्या थट्टेत तुच्छता होती; परंतु पुढे त्याच मुंबईची भूक वडापावाने भागली आणि कोल्हापूरच्या मिसळीलाही पावाची जोड मिळाली. ज्या वस्तूवरून एखाद्याला हिणवावे तीच वस्तू आपल्या ताटात यावी, असे खाद्येतिहासात वारंवार घडते.

एक पेला चहा

पावाला भाजीची जोड मिळाली तरी चहावाचून ‘हॉटेल’ उभे राहत नाही. कोकण-गोव्यात ‘हॉटेल’ या शब्दाने मुक्कामाच्या जागेचा नव्हे, तर चहा-भज्यांच्या दुकानाचा बोध होत आला आहे. घराबाहेर बसून, कोणी केलेला हे न विचारता चहा पिणे ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. एकेकाळी ती तशी नव्हती. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली आणि त्यावरून केवढे ग्रामण्य माजले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांची नावे त्या वादात ओढली गेली. रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्यावरून पुण्यासारख्या विद्येच्या नगरीत इतके रण माजले, तर खेड्यापाड्यांत काय स्थिती असेल याची कल्पना करता येते.

म्हणून चहाच्या दुकानातील बाकड्याचे महत्त्व जाणले पाहिजे. देवळात कोणी कोठवर जावे याची मर्यादा ठरलेली होती. लग्नाच्या पंगतीत कोणी कोणाशेजारी बसावे याचाही नियम होता. बाकड्याला असा नियम जन्मतः चिकटलेला नव्हता. अर्थात तो लावला गेला नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कित्येक गावांत काही ग्राहकांची कपबशी वेगळी ठेवली जाई, आणि ती त्यांनी स्वतःच विसळावी अशी अपेक्षा असे. रत्नागिरीत १९३३ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी मुद्दाम उपाहारगृह काढावे लागले, यावरूनच इतर ठिकाणची परिस्थिती स्पष्ट होते. तरीही पैसा मोजून विकत घेतलेल्या चहाने जे काम केले, ते उपदेशाने झाले नाही. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे होते आणि गिऱ्हाइकाला चहा. या दोन गरजांपुढे वेगळी कपबशी हळूहळू मागे पडत गेली.

हॉलंडचा बटाटा

गोव्यातील चहाच्या दुकानाचा पाट वर्षानुवर्षे ठरलेला आहे. पातळ भाजी, सुकी भाजी, उसळ, अळसांद्यांचे तोंडाक, कांद्याची भजी, मिरची भजी, शिरा. यांतील पातळ भाजी व पाव हे सकाळचे मुख्य खाणे. रस्सा फार घट्ट नको आणि फार पाणचटही नको. पाव त्यात बुडविला असता भिजावा, पण तुटू नये, ही तिची कसोटी. या साध्या ताटलीकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यातील निम्म्या वस्तू दूरदेशच्या आहेत. बटाटा, मिरची आणि टोमॅटो अमेरिका खंडातून आले. पाव युरोपातून आला. नारळ, हळद आणि कोथिंबीर तेवढी घरची. मिऱ्यावरून मिरची हे नाव पडले आणि मुंबई इलाख्यात तिला ‘गोवाई मिरची’ असेही म्हणत, यावरून ती कोणत्या बंदरातून पुढे गेली हे कळते. उत्तरेकडील ‘आलू’ मराठीत ‘बटाटा’ झाला तोही पोर्तुगीजांच्याच मुखाने.

या ताटलीवर राजकारणाची सावली सर्वांत गडद पडली ती १९५४ नंतर. गोवा मुक्तीच्या प्रश्नावर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. पेडणे तालुका तर सरहद्दीवरच होता. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्याच वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पलीकडून येणारा भाजीपाला आणि धान्य थांबले. तेव्हा पोर्तुगीज सरकारने बटाटे हॉलंडमधून, चहा सिलोनमधून आणि तांदूळ व भाजी पाकिस्तानातून आणविली. सावंतवाडीचा बाजार जवळ असलेल्या पेडण्यासारख्या तालुक्याला सात समुद्रांपलीकडचा बटाटा खाण्याची पाळी यावी, यात त्या काळाची सारी विसंगती सामावलेली आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सरहद्दीचे अडसर निघाले.

न लिहिलेले वाचनालय

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकांत गोव्यात छापील शब्दावर कडक नियंत्रण होते. साधी निमंत्रणपत्रिकाही परवानगीवाचून छापता येत नसे. अशा काळात उघडपणे वाचता येत नव्हते ते कुजबुजत सांगितले जाई. मुक्तीनंतर हे चित्र एकदम पालटले. १९६२ मध्ये दैनिक ‘गोमन्तक’ सुरू झाले, १९६३ मध्ये ‘राष्ट्रमत’, १९७० मध्ये ‘नवप्रभा’. प्रत्येक घरी वर्तमानपत्र घेण्याची ऐपत नव्हती. दुकानात मात्र एक अंक येई. एकाने मोठ्याने वाचावा, दहा जणांनी ऐकावा, आणि अंकाची पाने वेगवेगळी होऊन बाकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरावीत, ही पद्धत पडली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही बातमी मिळू लागली. गावोगावच्या ग्रंथालयांनी वाचक घडविला यात शंका नाही. परंतु त्या वाचकाला वाचनाची पहिली गोडी कित्येकदा भज्यांच्या तेलकट कागदावर लागली, हेही विसरता येत नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलाच्या काळात तर ही दुकाने म्हणजे सभागृहेच झाली. विलीनीकरणाचे चिन्ह ‘फूल’ आणि संघप्रदेशाचे ‘दोन पाने’. ‘गोमन्तक’ एका बाजूस, ‘राष्ट्रमत’ दुसऱ्या. नव्या काबिजादीतील पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांचा कल महाराष्ट्रात विलीन होण्याकडे होता. संपूर्ण प्रदेशाचा कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने त्याविरुद्ध गेला. या निकालाने कोणी हर्षभरित झाले, कोणी हळहळले. परंतु निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांच्या माणसांना चहा प्यायला जावे लागले ते त्याच दुकानात. मतभेदानंतरही एकत्र बसण्याची जागा शिल्लक असणे, ही गावाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

हरमलची स्वतःची देणगी

आतापर्यंत हरमलने बाहेरून काय घेतले ते पाहिले. गावाने बाहेर काय दिले, हेही पाहणे उचित होईल. गोव्याची शागोती आज जगभर प्रसिद्ध आहे. भाजलेले खोबरे, खसखस, धने, मिरी आणि सुक्या मिरच्या यांच्या वाटपात शिजविलेल्या या मांसाच्या पदार्थाचे मूळ गाव हरमल होय, असे परंपरेने सांगितले जाते. मालवणी मुलखातील ‘सागोती’ शब्दाशी तिचे नाते उघड आहे. पोर्तुगीजांनी आपल्या लिपीत ‘श’ या उच्चारासाठी जे अक्षर वापरले, त्याने परदेशी वाचकाची पुरती फसगत झाली आणि पदार्थाचे नाव भलतेच उच्चारले जाऊ लागले. आरांबोलचे जे झाले तेच शागोतीचे झाले.

परंपरेचे हे म्हणणे ग्राह्य धरले तर शागोतीचा प्रवास मोठा मनोरंजक ठरतो. घरच्या सणाचा हा पदार्थ शहरात गेला आणि पणजी, म्हापसा, मडगावच्या रस्त्यांवरील संध्याकाळच्या गाड्यांवर त्याने नवे रूप घेतले. ऑम्लेटवर शागोतीचा गरम रस ओतायचा, वर बारीक कांदा, लिंबाची फोड आणि सोबत पाव. हेच गोव्याचे ‘रस ऑम्लेट’. ज्याला मांस परवडत नाही त्याला निदान त्याच्या रसाची चव मिळावी, अशी ही काटकसरीची युक्ती होती. ती आज गोव्याच्या रस्त्यावरील खाण्याची ओळख बनली आहे.

दुसरी देणगी मिरचीची. हरमलच्या नावाने ओळखली जाणारी मिरची पेडणे तालुक्याच्या किनारी पट्ट्यात पिकते. पावसाळ्यापूर्वी वर्षाची बेगमी करण्याला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. त्या दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मासळीबरोबर मिरच्यांच्या राशी लागतात. २०२१ मध्ये हरमली मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. चार शतकांपूर्वी जहाजातून आलेले परके बी एका गावाच्या नावाने कायद्याच्या दप्तरात नोंदले जावे, याहून आत्मसात करण्याचे मोठे उदाहरण कोणते?

त्याच वर्षी गोव्याच्या खाज्यालाही मानांकन मिळाले. बेसनाच्या कांड्या तळून गूळ, आले आणि तीळ यांच्या पाकात घोळविलेले खाजे हा जत्रेचा प्रसाद आणि जत्रेची खूणही. रवळनाथ-भूतनाथाच्या तरंगांसाठी गाजलेली पेडण्याची कोजागिरीची पुनव असो, की डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराईची जत्रा असो, कागदात बांधलेले खाजे घेतल्याशिवाय माणूस घरी परतत नाही. रात्रभर दशावतारी नाटक पाहावे आणि पहाटे गाड्यावरचा चहा घ्यावा, ही या भागातील कित्येक पिढ्यांची करमणूक होती. तिठ्यावरचे बाकडे जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात येते एवढाच काय तो फरक.

किनाऱ्यावरचे दुसरे गाव

१९६०-७० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील सुखवस्तू जीवनाला विटलेले तरुण गोव्यात येऊ लागले. प्रथम कळंगुट, मग हणजूण. तेथे गर्दी झाली तसे ते उत्तरेकडे सरकत हरमलला पोहोचले. गोड्या पाण्याचे तळे, डोंगरातील वडाचे झाड आणि निर्जन किनारा यांनी त्यांना मोहिनी घातली. आरंभी हे पाहुणे गावाच्याच दुकानांत गावाचेच खाणे खात. कोळी आणि शेतकरी कुटुंबांनी त्यांना खोल्या दिल्या. पुढे त्यांच्या आवडीनुसार केळे घातलेली गोड धिरडी, जर्मन पद्धतीचा पाव, पश्चिम आशियातील छोल्यांचे वाटण असे पदार्थ मांडले जाऊ लागले. दरफलकांवर रशियन आणि हिब्रू अक्षरे दिसू लागली. पावसाळा सरला की बांबू आणि चुडतांच्या शॅक उभ्या राहतात, आणि पुन्हा पाऊस येण्यापूर्वी मोडल्या जातात.

या व्यवहाराने गावाला पैसा दिला हे मान्य केले पाहिजे. ज्या किनाऱ्यावर केवळ रापणीच्या आशेवर दिवस काढावे लागत, तेथे घरे पक्की झाली आणि मुले शिकली. शिवोली व चोपडे यांच्या दरम्यान फेरीबोट होती तेथे या शतकाच्या आरंभी पूल झाला. २०२३ च्या जानेवारीपासून पेडणे तालुक्यातच मोपा येथील विमानतळावरून विमाने उडू लागली. पूर्वीचे कोपऱ्यातील गाव हमरस्त्यावर आले.

परंतु या नव्या खाण्यात आणि जुन्या खाण्यात एक महत्त्वाचा भेद आहे. पाव आला, बटाटा आला, चहा आला तेव्हा तो गावाच्या बाकड्यावर आला. गावकऱ्यांनी तो चाखला, नावे ठेवली, आपल्या वाटपात घोळविला आणि अखेर आपला केला. किनाऱ्यावरील नवे पदार्थ बाकड्यावर आलेच नाहीत. ते गावात शिजतात, पण गाव ते सहसा खात नाही. वाढणारा एका गावचा आणि खाणारा दुसऱ्या गावचा, अशी ही बैठक आहे. एक हरमल, दुसरे आरांबोल. गावाच्या जमिनीला खोल्या आणि उपाहारगृहांच्या रूपाने जो भाव येतो, तो मिरचीच्या वाफ्याला येत नाही. आणि सकाळी चार आण्यांचा हिशेब घालणाऱ्या दुकानाची जागा हंगामात लाखांनी भाड्याने जात असेल, तर त्या दुकानदाराने बाकडे का राखावे, या प्रश्नाला भावनेने उत्तर देता येत नाही.

याचा अर्थ परके अन्न नको, असा मुळीच नव्हे. परके अन्न नको म्हटले तर पातळ भाजीच्या ताटलीत नारळाच्या पाण्याशिवाय फारसे काही उरणार नाही. अन्न परके असण्यात भय नाही. ते ज्या जागी आपले होते ती जागा नाहीशी होण्यात भय आहे. हरमलच्या इतिहासाचे सार एवढेच.

ग्रंथालयांचे काम ग्रंथ जतन करण्याचे खरे. परंतु शंभर वर्षांच्या वाटचालीनंतर जतन कशाचे करावे, हा विचार पुन्हा एकदा होणे स्वाभाविक आहे. जुन्या हॉटेलांचे दरफलक, उधारीच्या वह्या, भट्टीची छायाचित्रे, पोदेरांच्या आणि खाजेकारांच्या आठवणी ही सारी या प्रदेशाची साधनसामग्री आहे, आणि ती पोथ्यांपेक्षाही लवकर नष्ट होणारी आहे. ज्यांच्या घरी असे काही शिल्लक असेल त्यांनी ते जवळच्या ग्रंथालयाकडे सुपूर्द केले, तर पुढील शतकाच्या अभ्यासकाला हरमलचा इतिहास आरांबोलच्या खाद्यपत्रिकांवरून लिहावा लागणार नाही. तिठ्यावरचे बाकडे टिकेल की नाही हे काळ ठरवील. त्यावर कोण बसले, काय खाल्ले आणि काय बोलले, याची नोंद ठेवणे मात्र वाचकांच्या हाती आहे.